‘आज्ञा पाळत नाही’: मास्टॉइडच्या ऑपरेशननंतरचे एक प्रकरण

रुग्ण आणि कान

वय ६४, स्त्री. डावा कान तरुणपणापासून अधूनमधून वाहायचा. गेले सात-आठ महिने वाहणे थांबतच नव्हते. स्राव अगदी थोडा, पण घाण वासाचा. अलीकडे मान झटकन वळवली की चक्कर यायची. उजव्या कानाला चार वर्षांपासून ऐकण्याचे मशीन. रक्तदाबाची एक गोळी चालू, मधुमेह नाही. लिहिता-वाचता येते, चष्मा लागतो. सोबतीला मुलगी. वॉर्डातल्या सिस्टर त्यांना काकू म्हणत. इथेही तेच चालवते.

कान भरपूर वाहतो, पण वास नाही आणि पडद्याला मधोमध भोक आहे, असे रुग्ण ईएनटी वॉर्डात पुष्कळ येतात. स्राव थोडा आणि कुजका वास असेल, तर मात्र नर्सने आपले कान टवकारावेत. काकूंच्या पडद्याचा वरचा भाग आत ओढला गेला होता आणि त्या खोबणीत पांढरे पापुद्रे दिसत होते. हा कोलेस्टिॲटोमा. त्वचेचा थर पडद्यामागे जाऊन बसतो, तिथे त्याचा मृत कोंडा साठत राहतो आणि आजूबाजूचे हाड झिजत जाते. लोक ‘हाडाला कीड लागली’ म्हणतात ती बहुधा हीच. हा कर्करोग नव्हे, पण जागा वाईट. मधल्या कानाच्या छतावर मेंदूचे आवरण, मागे मोठी रक्तवाहिनी, आतल्या भिंतीत तोल सांभाळणाऱ्या नलिका आणि त्यांच्या लगत पातळशा हाडाच्या बोगद्यातून जाणारी चेहऱ्याची नस. कानासमोरची छोटी कूर्चा दाबून कानात हवेचा दाब वाढवला की काकूंना गरगरायचे आणि डोळे थरथरायचे. आडव्या अर्धवर्तुळाकार नलिकेचे हाड झिजून तिथे भोक पडल्याची ही खूण. सीटी स्कॅनमध्ये तेच निघाले. शिवाय ऐरणीच्या हाडाचा लांब दांडा दिसत नव्हता.

ऐकण्याच्या तपासणीत चार वारंवारतांची सरासरी उजव्या कानाला सुमारे ५८ डेसिबल, डाव्याला सुमारे ६९. जागतिक आरोग्य संघटनेच्या श्रेणीप्रमाणे ५० ते ६५ मध्ये ‘मध्यम-तीव्र’ आणि ६५ ते ८० मध्ये ‘तीव्र’ श्रवणदोष. शेजारी बसून केलेले साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे मशीन काढले की काकूंना समोरच्या माणसाचा आवाज जेमतेम उंबरठ्यावर पोहोचायचा, आणि तोही अर्धवट. उजवा कान ५०० हर्ट्झला ४० डेसिबलवर ऐकत होता, पण ४००० हर्ट्झला ७५ लागत होते. स्वर खालच्या वारंवारतांमध्ये असतात, म्हणून कोणीतरी बोलते आहे हे कळायचे. त, थ, स, श, ह यांची ओळख पटवणारा बारीक आवाज वरच्या पट्टीत किंवा मुळातच दुबळा असतो, म्हणून काय बोलते आहे ते निसटायचे. हे आकडे काकूंच्या केस पेपरला चौथ्या पानावर लावलेले होते. पुढे जे झाले त्याचे उत्तर तिथेच होते, फक्त ऑडिओग्राम हा डॉक्टरांचा कागद समजून नर्सिंगवाले तो उलटतच नाहीत.

भरती

भरतीच्या फॉर्मवर ‘श्रवण’ या शब्दापुढे ‘सामान्य’ आणि ‘कमी’ असे दोन चौकोन होते. ‘कमी’वर खूण केलेली. या खुणेचा कोणाला काय उपयोग, हे मला अजून उमगलेले नाही. कोणता कान चालतो, मशीन कोणत्या कानाला, ते लावून किती कळते, ओठ पाहून समजते का, लिहिलेले वाचता येते का आणि ऐकू आले नाही तर हा माणूस काय करतो, एवढे समजले तर पुढच्या पाळीला काही हाती लागते.

यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. काही जण ‘परत सांगा’ म्हणतात, काही चिडतात, आणि बरेच जण मान डोलावतात. काकू मान डोलावणाऱ्यांतल्या. हसून, अगदी योग्य जागी. चार वर्षांत नव्हे, त्याआधीच्या कित्येक वर्षांत कमावलेली ती सवय होती. समोरचा थांबला की होकार द्यायचा. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी संमतिपत्रावर सही झाली तेव्हा सर्जनने सगळे नीट समजावून सांगितले होते, पण उभे राहून, खिडकीकडे पाठ करून आणि बरेचसे मुलीकडे बघत. काकूंनी सगळीकडे मान हलवली.

रात्रपाळीच्या सिस्टरने एक साधी गोष्ट केली. ‘समजलं ना?’ असे विचारायचे टाळले. त्याला उत्तर ‘हो’च येते. खुर्ची ओढून समोर बसली, दिवा आपल्या तोंडावर पडेल असा फिरवला आणि विचारले, ‘काकू, उद्या काय करणार आहेत ते तुम्ही मला सांगा.’

‘कान साफ करून पडदा लावणार. मग मशीन सुटेल.’

दोन्ही चूक. ऑपरेशन होते कोलेस्टिॲटोमा मुळापासून काढून कान कोरडा आणि धोक्याबाहेर आणण्यासाठी. डाव्या कानाचे ऐकणे सुधारेलच याची हमी नव्हती, उलट नलिकेला भोक असल्याने ते आणखी जाण्याचा धोका होता. मशीन तर उजव्या कानाचे. त्याचा या ऑपरेशनशी संबंधच नाही. सिस्टरने सर्जनला फोन केला. ते परत आले, या वेळी बसून बोलले. काकूंनी दोन प्रश्न विचारले, थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग ‘करा’ म्हणाल्या. खरी संमती ही.

ऑपरेशन

थिएटरच्या बाहेरच्या खोलीत चष्मा आणि मशीन काढून एका रुमालात बांधून मुलीकडे दिले गेले. नोंद कुठेच नाही. डाव्या कानाच्या ऑपरेशनला डोके उजवीकडे वळवतात, उजवा कान गादीच्या कड्यात दबून राहतो, त्यामुळे तिथे मशीन ठेवता येत नाही हे खरेच. पण भूल चढेपर्यंत ते कानात राहू देता येते आणि मग नाव लिहिलेल्या डबीत घालून रुग्णासोबतच रिकव्हरीत पाठवता येते. रुमालाची गाठ मुलीच्या पर्समध्ये गेली आणि मुलगी खालच्या मजल्यावर औषधे आणायला.

ऑपरेशन सव्वादोन तास चालले. कानाच्या नळीची मागची भिंत काढून मास्टॉइडची, म्हणजे कानामागच्या हाडाची, पोकळी नळीशी एक केली. नलिकेवरचे भोक स्नायूच्या आवरणाने झाकले. चेहऱ्याची नस काही मिलिमीटर उघडी पडलेली होती, म्हणजे वरचे हाड झिजून गेलेले. नस मात्र अखंड. ‘भूल उतरताच चेहरा तपासून नोंद करणे’, असे ऑपरेशन नोटमध्ये अधोरेखित होते.

रिकव्हरीतला पाऊण तास

रिकव्हरीच्या तक्त्यावरच्या नोंदी अशा: ३:५० ला, डोळे उघडते, आज्ञा पाळत नाही. ४:०० ला, असंबद्ध हालचाली. ४:१० ला, अस्वस्थ, उठण्याचा प्रयत्न, पट्टी ओढते. आणि चेहऱ्याच्या नसेपुढे: सहकार्य नाही, तपासता आली नाही.

‘असंबद्ध हालचाली’ म्हणजे नेमके काय, हे नंतर विचारले तेव्हा कळले. रिकव्हरीतल्या सिस्टरने मास्कमधून, खाटेच्या डोक्याच्या बाजूने वाकून सांगितले होते, ‘काकू, दात दाखवा.’ काकूंनी हात वर केला. पुन्हा सांगितले, जरा जोरात. काकूंनी दुसरा हात वर केला. तिसऱ्यांदा सिस्टर ओरडली, तेव्हा काकूंनी दोन्ही हात पालथे-उताणे करून दाखवले आणि रडू लागल्या.

‘दात’ आणि ‘हात’. दोन्हींत मोठा आवाज ‘आ’चा; फरक फक्त सुरुवातीच्या व्यंजनाचा, तोही क्षणभराचा. ज्या कानाला वरच्या पट्टीचे ऐकू येत नाही, मशीन नाही, पंख्याचा आणि मॉनिटरचा आवाज आहे, त्याला दोन्ही शब्द एकच. भूल उतरताना माणसाला ‘हात दाखवा’ म्हणण्याची शक्यता ‘दात दाखवा’पेक्षा कितीतरी जास्त, म्हणून काकूंनी शहाण्या माणसाचा अंदाज लावला. त्या आज्ञा पाळतच होत्या. त्यांच्यापर्यंत पोहोचलेली आज्ञा.

ओरडल्याने काय होते तेही सांगायला हवे. ओरडताना स्वर फुगतात, व्यंजने तेवढीच राहतात, उलट त्यांच्याखाली दबतात. ओठांचा आकार बिघडतो, म्हणून ओठ वाचणाऱ्याचाही आधार जातो. आतल्या कानाचा दोष असलेल्या माणसाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज आपल्याइतकाच, कधी आपल्यापेक्षा जास्त टोचतो. त्यात चेहरा रागीट दिसतो. भूल उतरताना, अनोळखी खोलीत, मास्क लावलेले कोणीतरी वरून ओरडते आहे, असे चित्र उभे राहिले तर मीही उठून पळायला बघेन.

ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांनी ऑपरेशननंतरचा संभ्रम, म्हणजे डिलिरियम, असे निदान धरून शांत करणारे इंजेक्शन सुचवले. शंका निराधार नव्हती. वय साठच्या वर, मोठी भूल, अस्वस्थता. श्रवणदोष हाच डिलिरियमचा एक जोखीम-घटक मानला जातो, त्यामुळे बहिरा रुग्ण संभ्रमित नसेलच असे धरून चालणेही तितकेच घातक. अडचण अशी की डिलिरियम ओळखण्याच्या बऱ्याच चाचण्या कानावरच उभ्या आहेत. अक्षरे वाचून दाखवायची आणि ठरावीक अक्षराला रुग्णाने हात दाबायचा, ही एकाग्रतेची चाचणी ज्याला अक्षरच ऐकू येत नाही तो नापास होणारच. शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलचेही तेच. ऐकू येत नसल्यामुळे एखादा भाग तपासता येत नसेल तर कमी गुण न देता ‘तपासता येत नाही’ असे कारणासह लिहायचे असते. हे पुस्तकात आहे, तक्त्यावर क्वचित दिसते.

याच वेळी वॉर्डातली सिस्टर काकूंना न्यायला आली. तिने आधी नेहमीची कारणे तपासली, आणि हा क्रम मला फार पटतो: ऑक्सिजन ९७ टक्के, साखर ११८, बाहुल्या सारख्या, नाडी ९६, रक्तदाब १५०/८६. पोट चाचपले, मूत्राशय भरलेले. बेडपॅन दिल्यावर निम्मी अस्वस्थता तिथेच संपली. मग तिने हँडओव्हर देणाऱ्या सिस्टरला विचारले, ‘यांचं मशीन कुठे आहे?’ कोणालाच माहीत नव्हते.

मशीन येईपर्यंत तिने कागदावर मार्करने दोन ओळी लिहिल्या. अक्षरे बोटभर उंचीची, कारण चष्माही नव्हता: ‘ऑपरेशन झालं. तुमचं मशीन आणते.’ कागद काकूंच्या नाकासमोर न धरता हातभर अंतरावर धरला. काकूंनी वाचले आणि पट्टीवरचा हात खाली घेतला. इंजेक्शन द्यावे लागले नाही.

मुलगी रुमाल घेऊन आली तर पुढची अडचण. मास्टॉइडच्या पट्टीचे वेढे डोक्याभोवती फिरतात. ते दुसऱ्या कानाच्या वरून न्यायचे आणि तो कान मोकळा ठेवायचा असतो. इथे दोन वेढे थेट उजव्या कानावरून गेले होते. कान दुमडला गेला होता, मशीन बसणे अशक्य, चष्म्याची काडीही अडकत नव्हती. निवासी डॉक्टरांनी पट्टी सोडून पुन्हा बांधली, तीनेक मिनिटांचे काम. मग मशीन लावले तर चालेना. बंद न करता रुमालात गुंडाळल्याने बॅटरी उतरली होती. मुलीकडे नवी होती, तपकिरी पट्टीची, ३१२ नंबरची. या बॅटऱ्या हवेतल्या ऑक्सिजनवर चालतात; वरची चिकटपट्टी सोलून मिनिटभर तशीच ठेवली तर नीट चालू होतात. घाईने लगेच बसवली आणि ‘ही पण खराब’ म्हणून फेकली, असे वॉर्डात नेहमी घडते. सिस्टरने मशीन मुठीत धरून पाहिले, शिट्टी वाजली, म्हणजे चालू. मग मशीनचा लाल खुणेचा, म्हणजे उजव्या बाजूचा, साचा कानात बसवला.

४:३५. मास्कऐवजी चेहऱ्यासमोर पारदर्शक शील्ड, तोंड उजेडात, हातभर अंतर.

‘काकू, मी करते तसं करा.’ आणि तिने स्वतः भुवया वर केल्या. डोळे घट्ट मिटले. ओठ ताणून दात दाखवले. गाल फुगवले. शब्दांची गरजच ठेवली नाही. काकूंनी एकेक करून सगळे केले, दोन्ही बाजू सारख्या. तिने लिहिले: ‘४:३५ वा. उजव्या कानात मशीन लावून. कपाळावर आठ्या दोन्हीकडे समान. डोळे पूर्ण व घट्ट मिटतात, पापण्यांचे केस दोन्हीकडे सारखेच आत जातात. तोंडाचे दोन्ही कोपरे समान. गाल फुगवल्यावर हवा निसटत नाही. स्थळ, काळ, व्यक्तीचे भान ठीक.’ नुसते ‘नस ठीक’ लिहिले नाही. या सविस्तर नोंदीचे मोल तिसऱ्या दिवशी कळले.

पहिली रात्र

नलिकेला हात लागलेला, त्यामुळे गरगरणे आणि मळमळ अपेक्षितच. डोके तीस अंशांवर, ऑपरेशन केलेली बाजू वर, कूस बदलायची ती सावकाश, मळमळीवर औषध. हे सगळ्या वॉर्डांत होते. काकूंच्या बाबतीत वेगळे ठरले ते दिव्याचे.

तोल तीन ठिकाणांहून सांभाळला जातो: आतला कान, डोळे आणि पायांच्या सांध्यांमधून येणारी जाणीव. आतल्या कानाचा भरवसा गेला की माणूस डोळ्यांवर टेकतो. बहिऱ्या माणसाचे बोलणे समजून घेणेही डोळ्यांवर टेकलेले. रात्री वॉर्डातले दिवे मालवले की अशा रुग्णाचे दोन्ही आधार एकदम जातात. पायाशी मंद दिवा रात्रभर चालू ठेवला आणि जवळ जाताना सिस्टरचा चेहरा दिसेल असा एक वरचा. काकूंना अंधारात खांद्याला हात लावून उठवायचे नाही, आधी पायाकडच्या बाजूने नजरेच्या टप्प्यात यायचे, हेही तक्त्यावर लिहून ठेवले. अचानक दचकून मान वळवली तर चक्कर आणि पाठोपाठ उलटी ठरलेली.

घंटेची गंमत वेगळीच. काकूंनी बटण दाबले की नर्सिंग काउंटरवरून स्पीकरवर विचारणा व्हायची, ‘काय हवंय?’ रात्री मशीन काढलेले. काकूंना काहीच ऐकू यायचे नाही, काउंटरला उत्तर मिळायचे नाही, घंटा बंद केली जायची. दोनदा असे झाल्यावर त्या स्वतःच उठून स्वच्छतागृहाकडे निघाल्या. शेजारच्या रुग्णाच्या नातेवाइकाने धरले म्हणून पडल्या नाहीत. त्यानंतर काउंटरवरच्या त्या खाटेच्या बटणाशेजारी चिकटपट्टीवर लिहिले गेले: ‘स्पीकर नको, जाऊन बघा.’ पडण्याचा धोका मोजायच्या तक्त्यात काकूंचे गुण आधीच भरपूर होते. त्या गुणांनी त्यांना थांबवले नसते, चिकटपट्टीने थांबवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधांच्या तक्त्यावर ॲमिकासिन हे प्रतिजैविक दिसले, तापाची किरकोळ चढ पाहून कोणीतरी लिहिलेले. या गटातली औषधे आतल्या कानातल्या केशपेशी मारू शकतात आणि मेलेल्या केशपेशी माणसात परत उगवत नाहीत. ॲमिकासिनचा रोख जास्त करून ऐकण्यावर, जेंटामायसिनचा तोलावर. मूत्रपिंड मंद असेल किंवा सोबत फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध चालू असेल तर धोका वाढतो. गरज असते तिथे ती द्यावीच लागतात. पण ज्या रुग्णाचा एकच कान कामाचा आहे तिथे इंजेक्शन भरण्याआधी विचारायला हवे. सिस्टरने विचारले आणि औषध बदलले गेले.

तिसरी सकाळ

पट्टी दुसऱ्या दिवशी उतरली होती, कानात पॅक, म्हणजे आत भरलेला बोळा, होता. तिसऱ्या सकाळी काकू म्हणाल्या, ‘सिस्टर, चूळ भरताना पाणी ओठातून गळतंय.’ जीभही एका बाजूने धातूसारखी लागत होती. ते मात्र पहिल्या दिवसापासूनचे, मधल्या कानातून जाणाऱ्या चवीच्या बारीक नसेला ताण बसल्यामुळे, आणि बहुतेकांचे हळूहळू जाते. चेहरा पाहिला. डावा कोपरा मागे पडत होता, कपाळावर डावीकडे आठ्या अगदीच पुसट, डोळा जोर लावला तरच पूर्ण मिटत होता. चेहऱ्याची कमजोरी मोजणाऱ्या हाऊस-ब्रॅकमन श्रेणीत तिसरी पायरी.

मुलीला वाटले अर्धांगवायू. सिस्टरने हातापायांची ताकद पाहिली, बोलणे पाहिले, दोन्ही ठीक. कपाळही कमजोर आहे, म्हणजे दोष मेंदूतला नसून नसेतला, हे तिला समजावले. मेंदूच्या झटक्यात कपाळावरच्या आठ्या बहुधा शाबूत राहतात. मग मान पुढे वाकवून पाहिली, ताप, डोकेदुखी, उजेडाचा त्रास विचारला, तोही लिहून, कारण ‘मान’ आणि ‘पान’ ओठांवर अगदी एकसारखे दिसतात. कानाभोवती पाण्याचे फोड आहेत का ते पाहिले. नागिणीच्या विषाणूने नस सुजू शकते. कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव नव्हता.

सर्जनने पहिला प्रश्न विचारला, ‘भूल उतरल्यावर चेहरा कसा होता?’ सगळे याच उत्तरावर अडलेले. ऑपरेशन टेबलावरून उठतानाच चेहरा पडलेला असेल, तर आधी कानात टोचलेल्या बधिरीकरणाचा अंमल उतरायची वाट पाहतात. तरीही सुधारणा नसेल तर नसेला इजा झाल्याची शंका घेऊन कान पुन्हा उघडण्याचा विचार करावा लागतो. आधी चांगला असलेला चेहरा दोन-तीन दिवसांनी कमजोर झाला, तर नस तुटलेली नाही, सुजली आहे. त्यावर पॅक सैल करणे आणि स्टेरॉइड, आणि असे बहुतेक चेहरे भरून येतात. रिकव्हरीच्या ‘तपासता आली नाही’ एवढ्यावर थांबलो असतो तर दोन्ही शक्यता उघड्या राहिल्या असत्या आणि उघडी पडलेली नस ठाऊक असताना सर्जनला पुन्हा आत जाऊन पाहण्याचा मोह झाला असता. ४:३५ ची नोंद वाचून त्यांनी पॅक सैल केला आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केले.

डोळ्याची काळजी लगेच हाती घेतली. दिवसा दर दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणी टेपने अलगद मिटवणे. इथेही एक पेच: ज्या बाईला बोलणे डोळ्यांनी समजते तिच्या डोळ्यात दिवसा मलम घालून चालत नाही, सगळे धूसर होते. म्हणून दिवसा फक्त थेंब, आणि काही सांगायचे असेल ते थेंब घालण्याआधी.

घरी जाताना

सातव्या दिवशी टाके काढून काकू घरी गेल्या. सूचना मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या आणि एकेक त्यांच्याकडून परत वदवून घेतली: शिंक आली तर तोंड उघडे ठेवून, नाक जोरात शिंकरायचे नाही, शौचाला कुंथायचे नाही, जड उचलायचे नाही, विमानप्रवास सर्जनला विचारूनच. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस बाहेरच्या बाजूला, डोळ्यांचे थेंब चालू. ताप, मान आखडणे, पाण्यासारखा स्राव, चेहरा आणखी पडणे किंवा उजव्या कानाचे ऐकणे अचानक कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी यायचे. मुलीला यायला सांगितले होते, पण बोलणे काकूंशी केले. काढल्यावर मशीनचे बॅटरीचे झाकण उघडे ठेवायचे, बॅटऱ्या लहान मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवायच्या नाहीत, गिळल्या तर अन्ननलिका भाजू शकते, हे मुलीला.

एक गोष्ट बहुतेकांना सांगायची राहून जाते. अशी मोकळी पोकळी असलेल्या कानात थंड पाणी किंवा थंड हवेचा झोत गेला की क्षणभर गरगरते, कारण आता आडवी नलिका जवळजवळ उघड्यावर आलेली असते. आजार उलटला असे वाटून माणसे घाबरतात. काकूंना आधीच सांगितले होते.

सहा आठवड्यांनी चेहरा जवळजवळ पूर्ववत होता, फक्त हसताना डावीकडे किंचित उशीर. पोकळी अडीच महिन्यांत कोरडी झाली. आतली मृत त्वचा आणि मळ काढायला वर्षातून एक-दोनदा यावे लागेल, आयुष्यभर. तीन महिन्यांनी केलेल्या तपासणीत डाव्या कानाची सरासरी ७० डेसिबल निघाली, म्हणजे ऑपरेशनपूर्वी होती तेवढीच. त्या बाजूला नेहमीचा साचा घातला तर पोकळीत हवा खेळणार नाही आणि ती पुन्हा वाहू लागेल, म्हणून हाडातून आवाज पोहोचवणाऱ्या यंत्राची चाचणी ठरली आहे. भरतीच्या फॉर्मवरचे ते दोन चौकोन वॉर्डाने काढून टाकले. त्या जागी आता मशीन कोणत्या कानाला, ऑपरेशनला जाताना ते कोणाकडे दिले आणि ऐकू न आल्यास रुग्ण काय करतो, अशा तीन ओळी हाताने भरायच्या असतात. तिसरी ओळ अजूनही बऱ्याचदा कोरीच राहते.